शॉडी कोण ते आवारात ठरलं

माझी धाकटी बहीण चिंध्या निवडते. हे ऐकून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा, फक्त माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून हसा. तिच्यासारखी चिंधी निवडणारी या धंद्यात दुसरी झाली नाही, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून सांगायला बसलो तर अजून बरंच सांगीन.

आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेला मी. सातवी, तीही पहिल्या फटक्यात. धाकटीची शाळा त्याआधीच सुटली, कारण बाप गेला आणि आईला एकटीला झेपेना. मी टेम्पोवर माल चढवायला लागलो, पुढे टेम्पोच माझा झाला. धाकटी आईचं बोट धरून गिरणीत गेली. बाप त्याच गिरणीत गासड्या उचलायचा, त्यामुळे कुणी नाही म्हणालं नाही.

ही गिरणी जुन्या लोकरीची. लोकांनी टाकलेले स्वेटर, कोट, मफलर, कुणाचा एक पायमोजा, सगळं दाबून बांधलेल्या गासड्यांमधून येतं. बायका खाली बसतात. पुढ्यात लाकडी पाट, पाटाला ठोकलेलं उभं पातं. त्या पात्यावर बटणं, चेन, अस्तर, जाड शिवण सगळं कापून काढायचं. नायलॉन-बियलॉन असेल ते कचऱ्यात. खरी लोकर असेल ती रंगाप्रमाणे ढिगात. मग दातेरी यंत्र ती लोकर फाडून पिंजून काढतं, तिचं सूत होतं, सुताची ब्लँकेटं होतात. या लोकरीला शॉडी म्हणतात. बाप घरी येऊन पाय धुता धुता म्हणायचा, "आज शॉडी झकास निघाली गं." आमच्या घरात हा शब्द मिठासारखा होता, रोजचा, आणि त्याच्याशिवाय चूल पेटत नव्हती.

आता खरी गोष्ट. आमच्या गिरणीत रंगाचा थेंब वापरत नाहीत. रंग लावायचा तो चिंध्यांचा चिंध्यांनीच. काळ्याचा थर, त्यावर पांढऱ्याचा, मध्ये कुठेतरी निळ्याचा हात फिरवल्यासारखा, वर तपकिरी चिमूटभर. असा थरावर थर रचायचा आणि मग भिंत फोडतात तसा तो ढीग बाजूने उभा ओढून यंत्रात घालायचा. थर चुकला तर सगळी गासडी चुकली, मग डोक्यावर हात मारून घ्यायचा. आणि धाकटीचा थर कधी चुकला नाही. एकदा मी नवा शर्ट घालून ऐटीत तिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, निळा कसा आहे? म्हणाली, "दादा, हा निळा नाही. निळ्याचा चुलतभाऊ आहे. लांबून बरा दिसतो."

तिचा हातखंडा करडा रंग. आणि नजरही तसलीच, त्यामुळे गिरणीतले लोक तिला मागून 'करडी' म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

या गिरणीत एक रीत आहे, बापाच्याही आधीची. ज्या बाईने रंग लावला, तिच्या दोऱ्याची गाठ तयार ब्लँकेटांच्या गासडीच्या कोपऱ्याला बांधतात. प्रत्येकीचा दोरा वेगळा. धाकटीचा एक काळा, एक पांढरा, एकत्र पिळलेला. खरेदी करणारे गाठ बघून माल उचलायचे. आणि माल परत आला, तर त्याचीही रीत. जेवणाच्या सुट्टीत गासडी आवारात सगळ्यांसमोर उघडायची, जिची गाठ तिने शेजारी उभं राहायचं, आणि मुकादमाने ती गाठ कापायची. गाठ कापली की बाई संपली. मग पुढच्या गिरणीत जा नाहीतर त्याच्या पुढच्या, सगळीकडे बातमी तिच्या आधी पोचलेली असते.

मालकांना मुलगा नाही. एकच मुलगी. मालकांचे गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा त्यांनी कारभार जावयाकडे दिला. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. नऊ शांत करता येतात, या दहाव्याला आमच्याकडे गिरणीच्या चाव्या मिळाल्या. सगळे त्याला 'जावई'च म्हणायचे, मालकसुद्धा. भट्टीसारख्या तापलेल्या यंत्रघरात हा माणूस गळ्यात टाय घालून फिरायचा. टाय बघून लोकर घाबरेल असं त्याला वाटायचं की काय कोण जाणे.

वसतिगृहांना ब्लँकेटं पुरवणारी एक मोठी कंपनी आली. त्यांना करडा हवा होता, धाकटीने लावून दाखवला. त्यांचा माणूस ते ब्लँकेट गालाला लावून उभा राहिला, लहान मुलासारखा. पहिला माल गेला, कौतुक झालं. दुसरा गेला. मग जावयाला हाव सुटली.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण डोकं आमचंच आहे. बायका जो नायलॉनचा कचरा बाजूला काढतात, तो गाद्या भरणाऱ्यांकडे माझा टेम्पो न्यायचा. एके दिवशी गेलो तर कचऱ्याची जागा झाडून स्वच्छ. पुढच्या वेळीही स्वच्छ. मी जावयाला विचारलं, "साहेब, कचरा कुठे गेला?" म्हणाला, "दुसऱ्या गाडीला दिला. तुला काय करायचंय?" मला वाटलं माझं काम काढून घेतलं. पण त्या रस्त्यावर दुसरी गाडी कुणाची फिरते ते मला ठाऊक नसणार तर कुणाला? तशी गाडी फिरतच नव्हती.

मग तिसऱ्या खेपेचा माल परत आला. सगळाच्या सगळा. पहिल्या धुण्यातच ब्लँकेटांवर गोळे आले होते, हात फिरवला की मुठीत झुपका यायचा.

मी त्या दिवशी आवारात होतो. जेवणाची सुट्टी, डबे उघडलेले, आणि मधोमध ती उघडी गासडी. धाकटी शेजारी उभी. हात मागे बांधलेले, मान सरळ. रीतीप्रमाणे मुकादमाने पुढे यायचं, पण जावयानेच कात्री घेतली. दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसं त्याने ब्लँकेट उचललं आणि इंग्रजीत ओरडला, "शॉडी! शॉडी वर्क! शॉडी पीपल!"

शब्द आमचा. बापाच्या तोंडातला. पण त्याच्या तोंडातून तो असा बाहेर पडला की थुंकी आणि तो शब्द यात फरक कळेना. शिवी कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

धाकटी एवढंच म्हणाली, "मी लोकर दिली होती. तुम्ही यंत्रात काय घातलंत?"

"तोंड वर करून बोलतेस?" त्याने गाठ कापली, खाली टाकली आणि बुटाने गटाराकडे सरकवली. "चल, नीघ."

मी धावलोच होतो. दोघा वॉचमननी मला धरलं, आणि दोघांनाच धरता आलं कारण तिसऱ्याला मी आधीच आडवा केला होता. त्या दिवसापासून माझ्या टेम्पोलाही फाटक बंद झालं.

धाकटी तीन गिरण्यांत जाऊन आली. सगळीकडे चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं, "बाई, तुमचं काम माहीत आहे, पण तुमची गाठ आमच्या मालावर आत्ता नको." मग ती घरी बसून शर्टांना बटणं लावायला लागली. आयुष्यभर बटणं कापली, आता लावत होती. रंगाबद्दल एक अक्षर बोलेना. मी मुद्दाम विचारायचो, "हा पडदा कोणता गं, हिरवा की पोपटी?" म्हणायची, "मला काय विचारतोस? मी शॉडी."

आई म्हणाली, "जाऊ दे पोरी, देव बघून घेईल."

"देवाला गिरणीत सोडणार कोण?" धाकटी म्हणाली. "फाटकाच्या चाव्या जावयाकडे आहेत."

मी म्हटलं, त्याच्या मोटारीची हवा सोडतो.

"तो पंप आणेल."

काचा फोडतो.

"नव्या बसवेल."

मग हाडं मोडतो त्याची, एकदाच काय ते.

"मग लोक त्याला बघायला जातील, फळं घेऊन." तिने दोरा दाताने तोडला. "दादा, मला तो मार खाल्लेला नकोय. मी उभी राहिले तिथे मला तो उभा पाहिजे. आवारात. सुट्टीत. सगळ्यांचे डबे उघडे असताना."

बस. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. टेम्पो चालवायचो तेही दात खाऊनच.

पुढचं काम फिटरकाकांमुळे झालं. म्हातारा माणूस, ती दातेरी यंत्रं परदेशातून आली तेव्हा जोडायला होता, तिथल्या मिस्त्र्यांबरोबर राहून इंग्रजी शिकलेला. तो नोकरीतून मोकळा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मला चहाच्या टपरीवर ओढत घेऊन गेला.

"आता माझं कोण काय वाकडं करणार," म्हणाला. "ऐक. तो माल निघाला तेव्हा यंत्राचे दात साफ करायला मीच होतो. दातांत वितळलेले गोळे होते. नायलॉनचे. लोकर वितळत नाही, बाबा. जावयाने सुट्टीच्या दिवशी यंत्र चालवून सगळा कचरा आत ढकलला."

माझ्या कचऱ्याची दुसरी गाडी ती हीच. मी कप आपटला, तर टपरीवाला म्हणाला, "कपाने काय केलंय?"

मी काकांना विचारलं, "पण काका, शॉडी हे आपल्या मालाचं नाव. त्याची शिवी कशी झाली?"

काका खूश झाले. असं कुणी विचारत नाही त्यांना. म्हणाले, "मूळ शब्द कुठून आला ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. काही म्हणतात, विणताना-पिंजताना जी लोकर गळून पडते ना, त्या गळण्याच्या शब्दावरून. ती गळलेली लोकर, मग चिंध्या फाडून काढलेली लोकर, मग तिचं कापड. नाव साधं होतं, जसं सूत, जसं ताग. विलायतेतल्या लोकरीच्या गावांत या धंद्यावर घरं उभी राहिली."

"मग?"

"मग समुद्रापलीकडे एक मोठं युद्ध झालं. देशातल्या देशात, भावाभावांचं. फौजेला घाईघाईने कपडे हवे होते. ठेकेदारांनी हात धुऊन घेतले. शॉडीत धड लोकर नाही, धड विणकाम नाही, कसंतरी दाबून चिकटवलेलं कापड दिलं. पावसात भिजलं की शिपायाच्या अंगावरच त्याच्या चिंध्या व्हायच्या. लोक चिडले. जे ठेकेदार असे पैसेवाले होऊन बग्गीत मिरवायला लागले, त्यांनाही लोक शॉडीच म्हणायला लागले. वरून झगमग, आतून कचरा. पुढे ठेकेदार मेले, युद्ध संपलं, आणि शब्द राहिला. आता इंग्रजीत काहीही हलकं, फसवं, अर्धवट केलेलं असलं की ते शॉडी."

मी सातवी पास माणूस, मला एका घोटात समजलं. चोरी ठेकेदाराची आणि नाव खराब झालं कापडाचं! इतक्या लांब, इतक्या वर्षांपूर्वी, आणि तंतोतंत माझ्या धाकटीची गोष्ट. फरक एवढाच की त्या कापडाला मोठा भाऊ नव्हता.

मी काकांना घेऊन तडक मालकांच्या घरी गेलो. मालक खुर्चीत, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. काकांनी सगळं सांगितलं. मालकांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "मला संशय होताच. पण घरातलं माणूस आहे रे. बहिणीला म्हणावं, गुपचूप कामावर ये. घरातली गोष्ट घरात राहू दे."

धाकटीला निरोप सांगितला. ती म्हणाली, "कापलं आवारात आणि शिवायचं घरात? सांग त्यांना, नाही येत."

घोंगडं भिजत पडलं. पण मी काय हातावर हात धरून बसणारा आहे? कुणाची चोरी ते मला कळलं होतं, आणि शिवी कुणाची तेही कळलं होतं. मी ती शिवी तिच्या खऱ्या धन्याला पोचवायचं ठरवलं. त्या रस्त्यावर जेवढे टेम्पोवाले, ट्रकवाले, हातगाडीवाले, सगळ्यांना मी फिटरकाकांची गोष्ट सांगितली, थोडं तिखटमीठ माझं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीच्या फाटकावर गाडी थांबली की ड्रायव्हर काच खाली करून वॉचमनला विचारायचा, "शॉडी आलाय का ऑफिसात?"

"शॉडी आत्ताच जेवायला गेला."

टपरीवाला चहा पाठवताना ओरडायचा, "शॉडीचा बिनसाखरेचा!" एकदा तर बँकेचा माणूस आला आणि बिचाऱ्याने सरळ विचारलं, "मिस्टर शॉडी भेटतील का?" जावयाचं मूळ नाव काय ते त्याच्या बायकोला आठवत असेल तर असेल. आम्ही तर कधीच विसरलो.

त्यात कंपनीने तगादा लावला. पहिल्या मालासारखा हुबेहूब करडा द्या, नाहीतर वकील येईल. जावयाने बाकीच्या बायकांना बसवलं. आता त्या बायका काही कमी नव्हत्या. धाकटीच्या हाताखाली शिकलेल्या. पण करड्याचा थर लावायची वेळ आली की सगळ्यांच्या डोळ्यांत एकदमच काहीतरी जायचं. एक गासडी शेवाळी निघाली. एक विटकरी. एक तर अशी निघाली की तिला काय म्हणावं ते धाकटीलाही सांगता आलं नसतं. जावई किंचाळला, तर एक बाई म्हणाली, "साहेब, आम्ही शॉडी पीपल. आम्हाला काय कळतं?"

शेवटी मालक स्वतः आले. आमच्या घराला तीन पायऱ्या, त्या चढताना दोनदा थांबले. आईने पाणी दिलं. ते बटणांच्या ढिगाकडे बघत होते.

"काय पाहिजे बोल," ते धाकटीला म्हणाले.

"रीत पाहिजे," ती म्हणाली. "ज्याची चूक त्याने गासडीशेजारी उभं राहायचं. तुमच्याच गिरणीची रीत आहे, मी नाही काढली. ते उभे राहिले की मी तुमचा रंग लावून देते."

"माझी पोर माझ्याशी बोलायची नाही."

"माझी आई तेव्हापासून शेजारणींशी बोलत नाही," धाकटी म्हणाली.

मालकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उतरताना हात दे रे." म्हणजे झालं.

तो दिवस मी मेलो तरी विसरणार नाही. जेवणाची सुट्टी. टेम्पोला फाटक उघडं. भिंतीच्या कडेने सगळ्या बायका, डबे मांडीवर, पण एकही घास तोंडात जात नव्हता. मधोमध परत आलेल्या मालातली एक गासडी, उघडलेली. मालक खुर्चीत. आणि गासडीशेजारी जावई. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, मागे घेतले. शेवटी टायशी चाळा करत राहिला.

धाकटी चालत आली. हातात तिची कात्री.

मुकादम चाचरत म्हणाला, "बाई, रीतीने आता गाठ कापायची. पण साहेबांची गाठ कुठली? ते कधी निवडायला बसलेच नाहीत."

धाकटीने जावयाला खालून वर पाहिलं. ती नजर मी ओळखतो, ती थर लावायच्या आधीची. ती दोन पावलं पुढे गेली. त्याने मालकांकडे पाहिलं. मालक गुडघे चोळत होते.

तिने टाय धरला, गाठीच्या बरोबर खाली कात्री घातली आणि कचकन कापला.

कापलेला तुकडा तिने अंगठा आणि बोटात चोळला, जशी ती आयुष्यभर प्रत्येक चिंधी चोळत आली. मग बायकांकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाली, "नायलॉन." आणि कचऱ्याच्या ढिगात टाकला.

काय हसल्या त्या बायका! डबे सांडले. एक तर बसल्या जागी आडवी झाली. फिटरकाका डोळे पुसत होते. आणि मी? मी हसलो नाही. मी त्याचा चेहरा बघत होतो. लाल, मग पांढरा, मग ओठांपाशी निळसर. मनात म्हटलं, बघ धाकटे, तिन्ही थर बरोबर लागले, आता यांचा करडा होतो बघ. आणि झाला.

ती शब्दाची पक्की. त्याच दुपारी पाटाशी बसली आणि रंग लावून दिला, पहिल्यासारखा हुबेहूब. प्रत्येक गासडीच्या कोपऱ्याला तिची काळीपांढरी गाठ गेली. कंपनीने माल ठेवून घेतला आणि पुढचाही मागितला. मग ज्या गिरण्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं, त्यांची माणसं आमच्या दारात. एकाने तर पगारही जास्त सांगितला आणि वर पंखाही.

मी म्हटलं, "जा. त्यांच्या तोंडावर मार ही नोकरी."

ती म्हणाली, "खुळा आहेस का दादा? मी गेले तर तो विसरेल."

म्हणून ती तिथेच आहे. ऑफिसच्या जिन्याखालची जागा तिने मागून घेतली. जावयाला वर जायचं तर तिच्या पाटासमोरून जावं लागतं. रोज सकाळी ती मान वर करून गोड आवाजात म्हणते, "नमस्कार साहेब." बाकी काही नाही. एवढंच. तिच्या मागोमाग सगळ्या बायका म्हणतात, "नमस्कार साहेब." लोकांना वाटतं काय शिस्त आहे गिरणीत.

त्याने टाय सोडला. मग सकाळी उशिरा यायला लागला, तर बायका उशिरापर्यंत नमस्कार राखून ठेवायच्या. हल्ली मागच्या दाराने लोखंडी शिडी चढून जातो. आईला वाटतं आता पुरे झालं. "किती दिवस चालवणार?" म्हणते. मी म्हणतो, बाईची गाठ गटारात सरकवायला त्याला एक क्षण लागला, आमच्याकडे तर अख्खं आयुष्य मोकळं आहे.

आणि कचरा परत माझ्या टेम्पोतून जायला लागलाय. मालकांना विचारून मी भरायची जागा बदलून घेतली. आता मागच्या दारापाशी भरतो, शिडीच्या अगदी तोंडाशी. काल जावई आला, थांबला, इकडे तिकडे बघितलं.

"गाडी जरा पुढे घे."

"भरतोय साहेब," मी म्हटलं. "समोरचं दार उघडं आहे की."

त्याने एकदा शिडीकडे पाहिलं आणि पाय ओढत समोरच्या दाराकडे वळला. मी एकेक पोतं सावकाश उचलत राहिलो. आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि मग तो बंद झाला, कारण त्यांना कळलं होतं की तो समोरूनच येतोय.